सिमेंटचा गिलावा

अण्णा, सांगलीतल्या आमच्या जुन्या मुलींच्या शाळेचं काम मी थांबवलं आहे, आणि आठ दिवस झाले, मला धड जेवण जात नाही. तिथे तीस वर्षं शिकवलं म्हणून निवृत्तीनंतरही समितीत मला एक खुर्ची आहे. बेत असा, की चुन्यात बांधलेल्या भिंतींना बाहेरून सिमेंट, आतून थर्माकोल, वरचे झरोके बंद आणि वर्गावर्गात एसी. विजेची बचत म्हणे. कोवळा इंजिनिअर मला समजावत होता, "मॅडम, नाहीतर सगळा गारवा वाया जाईल." मी म्हटलं, "होता तो गारवा तुम्ही झरोके बुजवून घालवणार, आणि मग विकत आणून कोंडणार." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला साताऱ्याची आपली भिंत दिसत होती.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. मी नुकती नोकरीला लागले होते. मला कॉन्व्हेंटात शिकवलेल्या सिस्टर चहाला येणार होत्या, आणि आपल्या घराचे पोपडे मला लाजिरवाणे वाटत होते. मी हट्ट धरला, सिमेंटच पाहिजे, गुळगुळीत. तुम्ही जन्मभर चुन्यात काम केलेले गवंडी. अंगणात उकिडवे बसून थापी धूत आहात. "बाय, आपली भिंत पानी पिती आन् ऊन पडलं की सोडती. तिचं तोंड बांदलं तर आतल्या आत सडंल."

"सगळं गाव सिमेंट लावतंय, अण्णा. सगळे वेडे का?"

"सगळे कशाला. तू लय शिकलीस, तुला कोन सांगनार."

आणि तुम्ही लावलंत. स्वतःच्या हातांनी, आरशासारखं.

दुसऱ्या पावसाळ्यात आईच्या खाटेमागची भिंत फुगली. कपाटामागे काळी बुरशी आली. भर उन्हाळ्यात जिथे नुसत्या जमिनीवर गार झोप लागायची, ती खोली कोंदट झाली, आणि आईचा खोकला थांबेना. तुम्ही छिन्नी-हातोड्यानं सिमेंट उतरवता आहात, मी पाटी धरून उभी आहे. ओल्या मातीचे गोळे पाटीत पडतात. "आल्या का गं तुज्या शिष्टर?" तुम्ही न वळता विचारता. त्या आल्याच नव्हत्या. पुढे या विषयावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. रागावला असता तर मला निदान भांडता आलं असतं.

पण आता मीच चुकत असेन तर? वरच्या वर्गात मुली वहीनं वारा घेत बसतात. परवा एकीला भोवळ आली. तिच्या आईनं मला फाटकातच गाठलं, "आवं बाई, तुमच्या त्या चुन्यापायी माजी पोरगी जायाची." समितीला मी म्हणते, चुन्याची डागडुजी करा, झरोके उघडेच ठेवा, कौलांखाली फळ्यांचं छत घाला, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूचे तट्टे लावा. एवढ्यानं भागेल? ठाऊक नाही.

काल बैठकीत एकानं विचारलं, "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी ताठ मानेनं सांगितलं, गवंड्याची लेक आहे मी, वडिलांनी हाताला धरून चुना शिकवलाय. माझंच मान्य झालं. सोमवारी चुना भिजत घालणार आहेत, आणि त्यात वाळू किती, हे मला विचारणार आहेत. अण्णा, तुम्ही चुना कालवायला बोलवायचात तेव्हा हात खराब होतील म्हणून मी एकदाही आले नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.