झाडाखालचे गोळे

सालेकसा, २६ मार्च, संध्याकाळ

शेवंता आज शाळेत आली. दोन दिवस वाटत राहिले की ती माझ्यामुळेच येत नाही.

सोमवारी पहिलीच्या मुलांकडून वसंतातले झाड करून घेतले. तपकिरी कागदाचे खोड भिंतीवर, फांद्यांना गुलाबी कागदाची फुले. शेवंताने फिक्या पिवळ्या कागदाचे बारीक गोळे वळले. आधी झाडाखालची फरशी तळव्याने साफ केली, मग गोळे तिथे टाकले. मी त्या गोळ्यांना कचरा म्हणाले. सगळ्यांसमोर झाडू तिच्या हातात दिला. का दिला?

आज तिची आई सोडायला आली. मी विचारले, शेवंता माझ्यावर रागावली होती का?

"कायले रागावते? मोहाचे फुलं गिरून राहिले ना, मॅडम. दोन दिवस माह्यासंग वेचाले होती."

शेवंता म्हणाली, "मोह झाडावर राहत नाही. खालीच पडते. जागा साफ नाही केली तर माती लागते."

तो तळवा मी पाहिला होता. विचारले मात्र नव्हते. चुकले माझे, असे तिला सांगितले. ती आईकडे बघून हसली.

आई म्हणाली, "तुम्ही वरच पाहून राहिल्या, मॅडम. मोह वेचणारा खाली पाहते."

किती हलके वाटले.

दुपारी झाडाखालची जागा मी स्वतः झाडली. शेवंताने नवे गोळे टाकले. शाळा सुटल्यावर ते तसेच राहू दिले आणि वर्गाला कुलूप लावले.