चांदूर बाजारचा जोड

उस्ताद, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. ज्या दिवसाबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही, तो आज लिहून काढतोय.

साठ सालच्या पुढेमागे, चैत्राचं ऊन. आपली डोळ्यांच्या ऑपरेशनची फिरती मोटार अकोल्याहून चांदूर बाजारला गेली होती. तुम्ही तिचे मिस्त्री, मी तुमच्या हाताखालचा पोऱ्या. आत थंड हवेचं मशीन. त्याला वीज बाहेरून लागायची, म्हणून जवळच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातून वायर ओढलेली. ती कमी पडली. तुम्ही सांगितलंत, तुकडा जोड आणि जोडावर कथील वितळवून ओत. मी नुसता पिळा मारला, वर पट्टी गुंडाळली आणि चहा प्यायला गेलो. कोण पाहतंय, म्हटलं!

दुपारी टेबलावर मोर्शीकडची एक म्हातारी, संत्री विकणारी. डोळ्यावर चाकू चाललेला, आणि मशीन बंद. मी चालू करतो, ते घरघरतं आणि पुन्हा बसतं. धुळीमुळे खिडक्या लावलेल्या. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम ओघळतोय, नर्स टिपतेय, तरी पुरत नाही. "मिस्त्री, एक थेंब आत पडला तर डोळा गेला म्हणून समजा," डॉक्टर म्हणाले. म्हातारी चुळबुळायला लागली, "काहून थांबले बाप्पा? उकडून राह्यलं मले."

मी मीटर लावलं. सव्वादोनशे व्होल्ट. ओरडलो, "लाइन बरोबर हाय उस्ताद, मशीनच गेलं!" तुम्ही मीटर हिसकावलंत. "बंद मशीनवर मीटर लावतं काय बे, गधेड्या? चालू कर न मंग पाह्य!" चालू केलं तर काटा धाडकन एकशे सत्तरवर. जिनिंगच्या टोकाला जाऊन मीटर लावलंत, तिथं मात्र तो हलला नाही. म्हणजे वीज मधेच कुठंतरी खाल्ली जात होती. तुम्ही खाली बसलात आणि वायरवरून हात फिरवत निघालात. तो हात कुठं थांबणार हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प. नोकरी कच्ची, लग्न ठरलेलं.

हात थांबला, चटका बसला. पट्टी वितळून गेलेली. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, बस्स. लाइन काढलीत, जोड कापून नव्यानं बांधलात, कथील ओतलंत. मी बटण दाबायला धावलो तर मनगट धरलंत. "थांब. दम घेऊ दे त्याले. आतला दाब उतरल्याबिगर चालू केलं तं पुन्हा बसते." ती तीन मिनिटं, उस्ताद, अजून अंगावर येतात. मग मशीन चाललं आणि चालतच राहिलं. म्हातारीचा डोळा वाचला.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "तो जोड कुणी मारला होता?"

"माहा हाय, सायब," तुम्ही म्हणालात.

तुम्हाला मोटारीवरून काढून अकोल्याच्या वर्कशॉपात पंखे दुरुस्त करायला बसवलं. तुमची जागा मला मिळाली. माझ्या लग्नात तुम्ही पोटभर जेवलात, वाढप्याला हाका मारमारून, आणि त्या गोष्टीबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. एकदा तरी शिवी द्यायची होती हो!

हे पत्र टाकणार कुठं? घडी घालून ठेवून देतो. पण एक लिहायचं राहिलं. तुम्ही "माहा हाय" म्हणालात तेव्हा मला शरम वाटली नव्हती. ती फार पुढं आली. त्या वेळी मला नुसतं हायसं वाटलं होतं, उस्ताद.