आईच्या परीक्षेचं दही

रोहणा, शनिवार

प्रिय कार्तिकदादा,

आई बरी आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी दवाखान्यातून दिलेल्या त्या तीन प्लास्टिकच्या गोळ्यांच्या डबीतून ती रोज सकाळ-संध्याकाळ श्वास ओढते. आधी एकच गोळी हलायची, आता दोन वर जातात आणि तिसरी नुसती थरथरते. बाबा शेजारी बसून मोजतात. ती दमली की म्हणतात, "थांब आता, पोळ्याच्या बैलावानी काऊन धापा टाकून राह्यली?" ती हसते, आणि हसताना तिला पुन्हा धाप लागते. ऑपरेशनआधी करायला सांगितलेली दातांची तपासणी झाली. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितलं तशी आजपासून बंद केली, एक दिवसही आधी नाही. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे.

मागच्या वेळी, ऑपरेशन रद्द झालं तेव्हा, तू तीनच दिवसांच्या रजेवर आला होतास, म्हणून तुला सगळं सांगायचं राहून गेलं. "हाय रिस्क" हा शब्द ऐकल्यावर बाबा दवाखान्याच्या पायरीवरच बसले होते. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी ऑपरेशनला नाहीच सांगितलं. मी परत आत गेले, सगळं विचारून घेतलं आणि त्यांना आपल्या शेताच्या पाटावरचं फळीचं दार आठवून सांगितलं. फळी जाम झाली की पाणी मागे तुंबतं, तसं आईच्या हृदयाची झडप आखडल्यामुळे रक्त मागे फुफ्फुसात तुंबतंय. इतकी वर्षं तुंबल्याने फुफ्फुसंही थकली आहेत, म्हणून धोका इतरांपेक्षा जास्त. पण झडप बदलली नाही तर त्याहून जास्त. बाबांनी एवढंच विचारलं, "तू म्हणतं तं करू?" मी हो म्हटलं आणि त्यांनी सही केली. कागदावर काय लिहिलंय हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला अभिमान वाटला होता. घरातली पहिली पदवी, आणि ती तुझ्या चाकणच्या पगारातून आलेली. तुझं शिकणं बारावीवर थांबलं म्हणून माझं पुढे गेलं, हे मी विसरत नाही. मी सगळ्या सूचना मोठ्या अक्षरांत लिहून वॉर्डात आईच्या उशाशी चिकटवल्या होत्या. बांगड्या, जोडवी काढायची. नखांना रंग नको. गावठी काढा, पुडी, काहीही घेत असाल तर लपवायचं नाही. रात्री बारानंतर पोटात काही नाही. शेजारच्या खाटेवरच्या जयवंताबाईंनीही तो कागद माझ्याकडून वाचून घेतला होता.

आणि तरी ऑपरेशनच्या त्या सकाळी ते झालं. नर्सने आईला विचारलं, काही खाल्लं का. आई नाही म्हणाली. मी शेजारी उभी होते. इतक्या दिवसांनी मिळालेली तारीख, बाहेर तू, रक्त द्यायला पवनारहून आलेली चार पोरं, सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी मी सांगितलं, दही खाल्लंय, वाटीभर. भूल देणारे डॉक्टर आले. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं, आणि हिच्या फुफ्फुसांना तेवढंही सोसणार नाही, असं म्हणून त्यांनी आईला यादीतून काढलं आणि पुढची तारीख दिली. दही कुणी दिलं हे कुणी मला विचारलंच नाही. डबा सीतामावशीचा होता. रात्री दवाखान्यात थांबलेल्यांसाठी ती पहाटेच्या बसने पवनारहून भाकरी, भाजी आणि दही घेऊन आली होती. तू व्हरांड्यात सगळ्यांसमोर तिला म्हणालास, "अडाणी माणसाले दवाखान्यात आणूच नये." ती रिकामा डबा पदराखाली धरून बसस्टँडकडे चालत गेली.

दादा, दही मी दिलं.

मावशी नळावर हात धुवायला गेली होती. आईने माझा हात धरला. तिचे हात मोकळे होते, बांगड्या मीच काढल्या होत्या. म्हणाली, "तुह्या हरेक परीक्षेले म्या तुह्या हातावर दही ठेवलं. आज माही परीक्षा हाये, तं मले नाई देत?" मला वाटलं, बोटभर. तिने ते चाटलं, मग वाटीच ओढून घेतली. रात्रीपासूनची उपाशी. मी थांबवलं नाही. तिला लहान मुलासारखं खाताना पाहिलं आणि मनात आलं, हे शेवटचं असलं तर?

काल मी पवनारला गेले. मावशी तुरीच्या शेंगा सोलत होती. मी कबूल केलं तेव्हा तिने मान वर केली नाही. "म्या नळावरून पाह्यलं होतं," ती म्हणाली. "पण तुहा बाप सही तुह्या भरोशावर करते. तो भरोसा गेला असता तं पुढची सही कोणं केली असती? माह्यं काय, मी अडाणीच हाये." गुरुवारी ये म्हटलं, तर म्हणाली, कार्तिक असेल तर मी बाहेर झाडाखाली बसेन. इकडे आई म्हणते, सीता दारात नसली तर मी ऑपरेशनला नेणाऱ्या त्या गाडीवर झोपणार नाही. आईला खरं ठाऊक आहे. तीही माझ्यासाठी गप्प आहे.

हे फोनवर सांगायला तीनदा तुझा नंबर लावला आणि तिन्ही वेळा जेवलास का एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून लिहिलं. शेजारचा धनंजय आज रात्रीच्या गाडीने चाकणला निघतोय, त्याच्या हाती हे देते. बुधवारी दुपारी बाबांना पुन्हा सही करायची आहे. त्याआधी मी त्यांना सगळं सांगणार आहे. चुकीच्या माणसावर विश्वास ठेवून केलेली सही मला नको. त्यांनी कागद बाजूला सारला तर त्यांना समजावण्याचा हक्क माझ्याकडे उरणार नाही, म्हणून तू बुधवारी सकाळीच ये. गुरुवारची नाही, बुधवारची रजा काढ. येताना आधी पवनारला उतर, मावशीच्या पाया पड आणि तिला सोबत घेऊन ये. माझ्यावर रागावायचं असेल तर गुरुवारनंतर रागाव, मी ऐकून घेईन. डबा मात्र या वेळी घरीच ठेवायला सांग.

तुझीच, चुकलेली
स्वीटी