आजीजवळ बसणाऱ्या बायका

आये, आजीचं डावं अंग गेलं ते साल मला नीट आठवत नाही. तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम निघालं होतं आणि बोईसरला परमुलखातली माणसं उतरली होती, एवढं आठवतं. तू म्हणायचीस, "इतकी वर्सं मासळी होती तर गिऱ्हाईक नवतं. आता गिऱ्हाईक हाय तर घरात म्हातारी पडली." बाबा होडीवर, तू पाटी घेऊन चिंचणीहून बोईसरच्या बाजारात, मी शाळेत. आजीला कूस बदलून द्यायला एक माणूस हवं होतं आणि तिचं ऐकून घ्यायला दुसरं, कारण अंग एका बाजूचं गेलं तरी जीभ दोन्ही बाजूंनी चालत होती.

कोणीतरी तुला सांगितलं की अशा घरांना सरकार मदत देतं, म्हणून तू मला घेऊन पालघरला एका कचेरीत गेलीस. ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस. कारकून बिचारा भला माणूस होता. त्याने विचारलं, "विधवा आहात का?" तू म्हणालीस, "नाय." "नवऱ्याने टाकलंय?" "नाय, तो होडीवर गेलाय." "मग म्हातारीला मुलगा नाही?" "तोच तर माझा नवरा!" त्याने खरोखर वाईट वाटून मान हलवली. "मग तुम्ही कशातच बसत नाही, बाई." आणि तू म्हणालीस, "बसायलाच तर वेळ नाय, भाऊ. म्हनून तर आले." तो हसला, तूही हसलीस. घरी आल्यावर ते लुगडं घडी करून पुन्हा ठेवून दिलंस.

बाई ठेवून बघितली, तिला आजीने जेवणाआधीच पळवून लावलं. "मला राखन कशाला? मी काय सुकट हाय, कावला नेईल?" असं ओरडत होती. मग तूच घरी बसलीस. बाजारातल्या तुझ्या जागेवर दुसरी कोणी बसायला लागल्याची बातमी आली, घरात नुसत्या पेजेवर दिवस निघू लागले, आणि तू भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या पाटीकडे बघत राहायचीस. ते दिवस मला आवडले नाहीत.

मग एका सकाळी तू आजीच्या उशाशी बसून अगदी हळू म्हणालीस, "आत्या, शेजारची पोर लय रडते. सासू जाचते तिला. दुपारपातूर हितं येऊन बसली तर चालंल?" आजीने चालत्या एका हातावर जोर देऊन मान उचलली. "पाठव तिला. माज्या घरात तिला कोन हात लावतं, बगते मी!" झालं. शेजारीण डोळ्यांना पदर लावून आली. आजीने तिला धीर दिला, पेज रांधून भरवायला लावली, कारण सून काय रांधते ते चाखल्याशिवाय सासूचा राग कळायचा कसा? तिची मासळी तू तुझ्या पाटीत घालून नेलीस आणि विकून आलेले पैसे तिचे तिला दिलेस. हळूहळू गल्लीतल्या इतर बायकाही पाळीपाळीने यायला लागल्या. त्यांना बसल्या जागी मासळी विकून मिळत होती आणि चालून चालून दुखलेल्या पायांना एक दिवस आराम. अडचण एकच होती, आजीला रोज नवा जाच लागायचा. विहिरीवर तुम्ही गोष्टी रचायच्या आणि हसून हसून तुमच्या हातातले पोहरे निसटायचे. मला यातलं काही सांगितलं नव्हतंत, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. गल्लीतली एखादी सासू समोर दिसली की मी वाट सोडून पळायची.

आणि मग व्हायचं तेच झालं. तू नुकती बाजारातून आली आहेस, पाटी अजून डोक्यावरच आहे, आणि शेजारणीची सासू दारात उभी आहे. "मी सुनेला उपाशी ठेवते? आं? साऱ्या गावात माजं नाव!" तुझा चेहरा मिठासारखा पांढरा. आतून आजी म्हणते, "आत ये. आनि हलू बोल, घरात दुखनाईत हाय." "कोन दुखनाईत?" "मी." एवढ्या महिन्यांत आजीने हे पहिल्यांदाच कबूल केलं होतं. ती बाई बोलतच राहिली, पण बोलता बोलताच तिने आजीची वाकळ सारखी केली, पाठीखाली हात घालून अलगद तिला कुशीवर वळवलं. "असं निजवतात काय मानसाला? कोनी निजवलं?" आजी म्हणाली, "तुज्याच सुनेनं." "तिला काय येतं, डोंबल!" असं म्हणून ती खाली बसली, आणि सुनेची गाऱ्हाणी दिवेलागणीपर्यंत संपली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तीच यायला लागली, सुनेच्या जाचाला कंटाळून आजीच्या आसऱ्याला. सून तुझ्याबरोबर बोईसरच्या रस्त्याला मोकळी. आजी गेली तेव्हा तिचं डोकं त्याच बाईच्या मांडीवर होतं.

पुढे मी मोठी झाल्यावर तिने धाकट्या मुलासाठी मला मागितलं. तू म्हणालीस, "परक्या म्हातारीचं एवढं केलं तिनं, तुला तर फुलासारकी ठेवील." तुला इतका आनंद झाला होता की मी मान डोलावून मोकळी झाले. सासूच्या शेवटच्या दुखण्यात मी बोईसरला कारखान्यात होते. रजा मिळेना, तेव्हा दारोदार हिंडून मीही बसायला बायका गोळा केल्या, आणि तिने एकेकीला अशी फैलावर घेतली की आजीची आठवण यावी. तरी त्या आल्या, आळीपाळीने, ती जाईपर्यंत.

आता कबूल करते, आये. विहिरीवर तुम्ही तिच्याबद्दल रचलेल्या गोष्टी फारशा खोट्या नव्हत्या. तू होतीस तोवर हे बोलले नाही, आणि हे पत्रही पाठवत नाही. तुला वाचता येत नाही. तिथे वर तुझ्याजवळ तीच बसलेली असणार, तिसरीपर्यंत शिकलेली, आणि तू हे वाचायला तिच्याच हातात देशील.