पाटीवरची वेलांटी

३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ. वि. वि.

आधी उतरला तो टोपीचा डबा. मग सुऱ्यांची गुंडाळी, मग एक लांब चिमटा आणि सगळ्यात शेवटी, गाडीत काही राहिलं नाही ना ते बघत, आचारी स्वतः. तुझ्या आईनं तो डबा दोन्ही हातांवर असा घेतला की मला वाटलं आत बाळ आहे. निघाली टोपी. पांढरी, ताठ, हातभर उंच. आपल्या स्वयंपाकघराचं दार केवढं ते तुला ठाऊकच आहे. पहिल्याच पावलाला आचारी आत आणि टोपी बाहेर. मी हसले नाही हं. खोकला आला होता.

तर बाई, मला निवृत केलं. पडवीत खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीवर मी. एकतीस वर्षं या लॉजवर उतरणाऱ्या माणसांना जेवू घातलं. सकाळी आधी परसात जायचं, आज कोण तयार आहे ते वाफ्यांना विचारायचं. मग पिशवी घेऊन बाजारात, तिथे काय ताजं उतरलंय ते बघायचं. आणि मग पाहुण्यांच्या ताटाचं ठरवायचं. ही पद्धत साफ चुकीची होती, हे मला आता या वयात कळलं. बरोबर पद्धत अशी की आधी यादी छापायची आणि मग भाज्यांनी तिच्याबरहुकूम उगवायचं. यादीत आठ पदार्थ, बारा महिने तेच, त्यातल्या तिनांत वाटाणे. परसात भोपळे लोळताहेत, शेंगा वेलावर जून होताहेत, आणि आचारी शहरातून गोठवलेले वाटाणे मागवून बत्त्यानं फोडतो आहे. ठाकठोक ऐकून शेजारीण विचारून गेली की भिंत पाडताय का.

आणि यादी छापली कुठे? तुझ्याच छापखान्यात! तळाला बारीक अक्षरात नाव आहे. मुद्रितं कोणी तपासली ते मी विचारत नाही. घरचा भेदी घरातच राहत असला पाहिजे असं काही नाही, एवढंच म्हणते.

परवा त्यानं मला चव दाखवली. ताट असं की त्यात पोराला अंघोळ घालावी, आणि मधोमध चिमट्यानं मांडलेले एकोणीस वाटाणे. मी मोजले. दुसरं करण्यासारखं त्या ताटात काही नव्हतंच.

आता कामाचं. बारा तारखेला पक्षी बघणारी मंडळी येणार, सातजण, दोन दिवस. जेवण पसंत पडलं तर दर हंगामाला येतील, म्हणून तुझी आई हरखली आहे. त्यांना आचाऱ्याचा हात आवडला की तो कायमचा. मग माझी मागची चूल काढून तिथे गोठवायचं कपाट, आणि परसातले वाफे मोडून हिरवळ, छत्र्या, खुर्च्या. तुझे बाबा माझ्याकडे बघून मान हलवतात, मग तिच्याकडे बघून हलवतात. त्यांची मान तेवढी कायम कामावर आहे. एवढं सगळं हसत लिहिलं, पण वाफे मोडायचं ऐकलं तेव्हा हसू आलं नाही गं. ती माती मी हातानं चाळलेली. मी खुर्चीत बसून बघायचं काय, हिरवळ?

नाही म्हणायला एक काम ठेवलंय मला. जेवणघराच्या दारातली पाटी. माझं अक्षर मोठं, गोल, लांबून दिसतं. रोज वर ‘आजचे जेवण’ आणि खाली ते आठ पदार्थ. मला पांढरा खडू. निळा खडू तुझ्या आईचा, खोल्यांच्या दारांवर आकडे घालायचा. त्याला बोट लावायची सोय नाही. दुसरी पास बाईला एवढा हुद्दा पुष्कळ झाला.

पत्र नेहमीसारखं तांबड्या शाईनं सुधारून परत पाठव. कळावे. वाटाण्याएवढा का होईना, लोभ असू दे.

तुझी (उशीवरची) आजी


८ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. तांबडी शाई एकाच जागी लागली. ‘निवृत्त’ला दोन त लागतात, तुला एकच पुरला, कारण तू होणाऱ्यातली नाहीस. दोन वर्षांपूर्वी तुझ्या एका पानाला माझी अर्धी दौत लागायची. आता तूच ये आमच्या छापखान्यात आणि माझ्या खुर्चीवर बस. उशी नाही, पण काम आहे.

हो, यादीची मुद्रितं मीच तपासली. ‘वाटाणे’ तिन्ही ठिकाणी शुद्ध होते. मुद्रितं तपासणाऱ्यानं शब्द बघायचा असतो, चव नाही. तरी गुन्हा कबूल.

पण आजी, तुझ्या पत्रात एक ओळ गाळलेली आहे, ती बाबांनी कळवली. सप्टेंबरात भाताचं पातेलं उतरवताना तुझा गुडघा लचकला आणि गरम पाणी पायावर सांडलं. हे तू मला लिहिलं नाहीस. आई काही उगाच आचारी आणत नाही. तेव्हा भांडू नकोस.

आमच्याकडची गंमत ऐक. एका गृहस्थानं ‘काकांचे साबण’ म्हणून वेष्टणं छापायला दिली. जुळणी करणाऱ्यानं एक काना उचलून तिथे वेलांटी ठेवली आणि छापून झालं ‘काकींचे साबण’. गृहस्थ लालबुंद होऊन आला, दुसऱ्या आठवड्यात हसत आला. म्हणे, काकांना कोणी विचारत नव्हतं, काकींचे हातोहात गेले. आता असेच छापा. बघ, एका वेलांटीत केवढी ताकद! म्हणून सांगते, पाटी जपून लिही.

गुडघ्याला तेल लाव. कळावे, रागावलीस तरी पत्रातूनच रागाव.

तुझी भिंगरी


१४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ. वि. वि.

पहिली आली ती छत्रीवाली बाई. ऊन नाही, पाऊस नाही, पण छत्री उघडी. म्हणे पक्ष्यांना माणसाचं डोकं दिसू नये. छत्री दिसलेली चालते. पक्ष्यांना वाटत असेल, अळंबं फिरायला निघालंय. तिच्यामागे सहाजण, सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. बाईनं फाटकातूनच दुर्बीण डोळ्याला लावली. मला वाटलं कावळा दिसला. तर ती पाटी वाचत होती! आणि मागच्यांना ओरडून सांगत होती की अरे, इथे आजीचे जेवण मिळतं.

आता याला माझी चूक म्हणायची. शिकलेली का मी? ‘आजचे’ लिहायला गेले आणि ज वर कुठून तरी एक वेलांटी येऊन बसली. वय झालं, हात थरथरतो. खाली आठ पदार्थ लिहायचे होते, पण नेमका खडू संपला. निवृत्त बाईनं आणखी किती धडपड करायची?

तर साती जण बसले आणि विचारू लागले, आजी कुठे आहेत. आचारी मोठ्या रुबाबात ताटं घेऊन आला. माणशी एकोणीस वाटाणे. तेवढा तो न्यायी आहे. छत्रीवाली बाई फार सभ्य. म्हणाली, दिसायला किती सुंदर, पण आम्हाला ते पाटीवरचं हवं होतं. तुझ्या बाबांनी मान हलवायला घेतली. तुझी आई हात पुसत पडवीत आली आणि माझ्याकडे न बघता विचारती झाली की काही तयार आहे का.

खुर्चीत बसणाऱ्या बाईकडे काय असणार? एवढंच की अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत, निखाऱ्यांखाली एक भोपळा सकाळपासून होता. कोंबड्यांसाठी भाजायला ठेवला होता, लसूण भरून. शेंगा दोन टोपल्या तोडल्या होत्या, वाकलं की गुडघ्याला व्यायाम होतो म्हणून. आणि बाजारात गेले होते ती खडू आणायला. खडू मिळाला नाही, कांद्याची कोवळी पात, अंडी आणि लिंबं मिळाली. योगायोग म्हणतात तो हाच.

मग काय! भोपळा फोडून त्यावर लिंबू पिळलं, शेंगा मिरीवर परतल्या, पात अंड्यांत घातली, भात टाकला. एक काटकुळे गृहस्थ, सगळ्या पक्ष्यांची नावं तोंडपाठ असलेले, तिसऱ्यांदा भात घेताना स्वतःचं नाव विसरले असते. भाताचं पातेलं मी उचलायला गेले तर आचाऱ्यानं हातातून काढून घेतलं आणि खाली ठेवलं. ते मात्र मी लक्षात ठेवलंय. नंतर कोणी बघत नाही असं बघून त्यानं भोपळ्याच्या सालीला लागलेला गर बोटानं पुसून खाल्ला. मी बघितलं. पुन्हा खोकला आला.

छत्रीवाली म्हणाली, पाटीवरची ती निळी वेलांटी एवढी ठसठशीत, की फाटकातून आधी तीच दिसली. मी ऐकलं आणि तिला आणखी शेंगा वाढल्या.

चुलीचं आणि वाफ्यांचं अजून कोणी काही बोलत नाही. जीव टांगणीला आहे, पण उशीवर आहे. कळावे, लोभ भोपळ्याएवढा वाढवायला हरकत नाही.

तुझी आजी


१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अ. आ.

आजींचं पत्र तुला आलं असेल. त्यातलं निम्मं वजा कर. खडूंची नवी पेटी मी त्याच सकाळी त्यांच्या हातात दिली होती. आणि आपल्या कोंबड्यांनी जन्मात लसूण खाल्लेला नाही.

घरात मी वैरीण ठरले आहे, म्हणून लिहिते. त्यांच्या पायावरचा फोड मी रोज धूत होते. तो बघूनच आचारी आणला. पण त्या माणसानं तिसऱ्या दिवशी मला सांगितलं की आत येताना दार वाजवत जा, आणि माझा चहा जास्त उकळलेला असतो. त्या स्वयंपाकघरात मीही बावीस वर्षं उभी आहे. माझ्याच दारावर मी टकटक करायची! पण आपणच वाजतगाजत आणलेल्या माणसाला काय म्हणून बोलणार?

आता असं ठरवलंय. जड उचलणं, चिरणं, ढवळणं त्याच्याकडे. आजींची खुर्ची पडवीतून उचलून स्वयंपाकघरात. काय शिजवायचं ते त्या सांगतील, सकाळी परस बघून. चूल राहील. हिरवळ नको म्हणून कळवून टाकलं. आजींना मी अजून सांगितलेलं नाही. दोन दिवस कमी बोलताहेत, तेवढाच घराला विसावा.

पाटीचं म्हणशील तर त्या सकाळी खोल्यांच्या दारांवरचे आकडे गिरवत मी तिच्यासमोरूनच गेले. पण घाईत नजर गेली नाही. तब्येत सांभाळ.

तुझी आई


२० नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मुद्रितशोधकाचा अहवाल खालीलप्रमाणे. पानं तीन. वेलांट्या बख्खळ. चुकलेली एकही नाही. ‘निवृत्त’मध्ये दोन्ही त हजर. म्हणजे पत्रात हात थरथरत नाही, फक्त पाटीवर थरथरतो. काकींचे साबण तुला भलतेच मानवले. मी तांबडी शाई परत दौतीत ओतली.

पण एक शंका राहिली, आणि माझा धंदाच असा की ती सुटत नाही. तुझा खडू पांढरा. छत्रीवाल्या बाईंना दिसली ती वेलांटी निळी. अक्षर एका रंगाचं आणि वेलांटी दुसऱ्या, असं छापखान्यात झालं तर आम्ही विचारतो की दुसरा हात कोणाचा. आजी, खरं सांग.

कळावे, कोंबड्यांना माझा नमस्कार.

तुझी भिंगरी


२५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र ज्या कागदावर आहे त्याची मागची बाजू बघ. हो, तीच यादी. ढीगभर उरल्या आहेत, मागची बाजू कोरी आणि कागद गुळगुळीत. आता मी वर्षभर तुला पत्रं लिहू शकते. तुझ्या छापखान्याचं काम मोठं सुबक हो!

माझी खुर्ची आत आली. उशी मी आचाऱ्याला दिली. दिवसभर उभा असतो, जेवताना तरी बुडाखाली असावी. टोपी खुंटीला उलटी टांगली आहे, तिच्यात लसूण छान वाळतो. सकाळी तो माझ्याबरोबर परसात येतो. काल त्यानं मला न विचारता कोवळा मुळा ओळखून उपटला. शिकेल. चिमटा मात्र कामाचा निघाला, निखाऱ्यातून भोपळा काढायला.

आता तुझी शंका. छापखान्यानं तुझे डोळे फारच तासले बाई. वेलांटी मीच घातली. पण माझी होती ती पांढरी, नखाएवढी, भीत भीत घातलेली. घरात कोणी बघितली तर शोभा, पाहुण्यांनी नाही बघितली तर वाफे गेले. घालून मी बाजारात निघून गेले. परत येऊन बघते तर तिच्यावरून कोणीतरी निळा खडू दोनदा फिरवलेला, चांगली बोटभर जाड! मी इकडेतिकडे बघितलं. तुझी आई तीन नंबरच्या दाराशी, माझ्याकडे पाठ करून, दारावरचा तीन गिरवत होती. मी पिशवी ठेवली, पाणी प्याले, भोपळा उलटवून आले, तरी तिचा तीन चाललेलाच. एका तीनला एवढा वेळ?

मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. बावीस वर्षांत आम्हा सासूसुनांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, तेही न बोलता. बोललो असतो तर मोडलं असतं. तूही तिला विचारू नकोस. हे पत्र वाचलंस की मागची यादी वर करून ठेव.

कळावे. लोभ आहेच, तो शाईनं तपासू नये.

तुझी आजी

ता. क. छत्रीवाली बाई जाताना सांगून गेली की फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी परत येऊ, एकवीसजण. तेव्हा परसात वाटाणे असतील, वेलावरचे. पाटीच्या कोपऱ्यात तो वार आणि महिना कोणीतरी लिहून ठेवला आहे, निळ्या खडूनं.