इवा म्हणजे दिवा

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, चहाची गाळणी सापडली नाही म्हणून आजचा चहा रुमालातून गाळला; पण घर मात्र मनासारखं मिळालं. बैठं, सुटं, मागे थोडी मोकळी जागा. एकाही दाराला उंबरा नाही, त्यामुळे दादाची चाकाची खुर्ची पुढच्या दारातून थेट मागच्या अंगणापर्यंत जाते. मी ढकलायला लागले तर त्याने डाव्या हाताने हॉर्न दाबल्यासारखं केलं. तीस वर्षं शाळेची बस चालवली, जित्याची खोड!

गेल्या वर्षीच्या झटक्याने त्याची उजवी बाजू नेली आणि बोलणंही निम्मं नेलं. शब्दाचं पहिलं अक्षर तो गिळतो. मी चिमी, ती आता 'इमे' झाले. आईबाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, तो एकोणीसचा. माझी वेणी घालायला शिकला, ती जन्मभर एका कानावरच आली. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, एक पोरगी सांभाळतोय तेवढी पुरे.

सोमवारपासून चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात रुजू व्हायचंय. तो दिवसभर एकटा राहणार. म्हणून ठरवलंय, त्याचं ऐकणारं घर करून घ्यायचं. दिवे, पंखा, पडदे, दार, सगळं.

७ फेब्रुवारी

दुकानात अडीच तास गेले. तीन प्रकार दाखवले. पहिला सगळा फोनवरून चालणारा. दादाच्या डाव्या हातातून फोन दोनदा निसटला. दुसऱ्याला पाटीएवढा रिमोट, त्यावर एवढी बटणं की माझंच डोकं फिरलं. तिसरा आवाजावर चालतो, आणि शब्द आपले आपण शिकवायचे. दुकानातल्या जोडणीवाल्याने दादाला सांगितलं, काका, तुम्हाला जमेल तसं बोला, शिकणं याचं काम. दादा दहा वेळा 'इवा' म्हणाला. अकराव्यांदा म्हणाला आणि दुकानातला दिवा लागला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात त्याचं म्हणणं पहिल्याच खेपेला कुणाला कळलं नव्हतं, मलासुद्धा नाही. डोळ्यांत पाणी. मग वेडच लागलं त्याला, इवा, इवा, दिवा लागतोय, विझतोय. दुसरं काही बघायचंच नाही, हेच घ्यायचं, असं मी तिथेच सांगून टाकलं.

११ फेब्रुवारी

जोडणी झाली. खोल्याखोल्यांत आवाज ऐकणाऱ्या पांढऱ्या डब्या बसल्या. इवा म्हणजे दिवा, आर म्हणजे दार, अंखा म्हणजे पंखा. प्रत्येक हुकमाची नोंद माझ्या फोनवर येते. वेळ, खोली आणि आवाजाचा तुकडासुद्धा.

एकच अडलं. त्याने मला हाक मारली की माझा फोन वाजावा, असं करायचं होतं. पण 'इमे' आणि 'इवा' यांत डबीचा गोंधळ होतो. जोडणीवाला म्हणाला, दिव्याचा शब्द बदलू, पुन्हा शिकवायला दोन तास लागतील. दादा दमला होता, माझीही कामं पडली होती. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं.

२ मार्च

छान बस्तान बसलंय. शेजारच्या काकू एक वाजता येऊन त्याला जेवू घालतात. म्हणाल्या, तुझा भाऊ मी दाराशी पोचायच्या आत दार उघडतो आणि राजासारखा बसलेला असतो. जोडणीवाल्याचा दोनदा फोन आला. वेळच होत नाही. पुढच्या आठवड्यात नक्की.

९ मार्च

दादा गेला.

१४ मार्च

लिहून काढते, नाहीतर वेड लागेल.

त्या दिवशी सव्वातीनला फोनवर नोंद आली, झोपायच्या खोलीतला दिवा लागला. मग विझला. लागला. विझला. मी हसले. शेजारच्या यंत्रावरच्या बाईला दाखवलं. म्हटलं, बघा, आमचे थोरले बंधू खेळतायत. ती पण हसली. फोन सारखा थरथरायला लागला, घासायच्या काचेवरून लक्ष उडत होतं, म्हणून मी सूचना बंद केल्या.

सहाला घरी पोचले. खुर्ची रिकामी, तो पलंगापाशी जमिनीवर पडलेला. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं.

सत्तेचाळीस वेळा. पावणेचारपर्यंत. आज सगळे तुकडे ऐकले.

एकदाही 'इवा' नाही. सगळीकडे 'इमे'. आणि शेवटच्या तुकड्यात, कसं जमवलं असेल त्याने, अगदी स्वच्छ, लहानपणी अंगणातून हाक मारायचा तसं — चिमे.

२० मार्च

रजा वाढवून घेतली. दुपारी स्वयंपाकघरात बसले होते, त्याच्या खोलीतला दिवा लागला, विझला. घड्याळ पाहिलं. सव्वातीन. फोनवर नोंद आली. बिघाड असेल म्हणून तुकडा लावला.

इमे.

जुना नाही. याच्या मागे खिडकीबाहेर दूधवाल्याची घंटा ऐकू येते, आत्ता वाजली ती.

२२ मार्च

काल आणि आजही. जोडणीवाल्याला बोलावलं. त्याने तुकडा दोनदा ऐकला. मग म्हणाला, ताई, कधी कधी जुनं साठवलेलं परत येतं. पण माझ्याकडे बघत नव्हता. सगळ्या डब्या उतरवून खोक्यात भरून घेऊन गेला. भिंतीवर स्क्रूची भोकं राहिली आहेत.

२३ मार्च

सव्वातीन. दिवा लागला.

फोनवर नोंद आली. तुकडाही. आज आवाज ओला होता, जबडा मिटत नसल्यासारखा. मी फोन पालथा घालून काकूंकडे पळाले.

आपल्या दादाला भ्याले मी. ताप आला की रात्र रात्र मला खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या दादाला.

२६ मार्च

तीन दिवस दुपारी घराबाहेर काढले. काकू म्हणाल्या, दिवा सारखा उघडझाप करतो, तार जळेल, बघून घे. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस तुकडे. काल ब्याण्णव. आज मोजले नाहीत.

आणि खोली बदलली. आधी नोंदीत 'झोपायची खोली' असायचं. काल 'बोळ' होतं. आज 'स्वयंपाकघर'.

तो मला शोधतोय. मी पळतेय आणि तो घरभर मला —

२७ मार्च

मुख्य बटण बंद केलं. फोनही बंद. दिवा तरी लागलाच.

आता ऐकायला फोनची गरज नाही. घरातच ऐकू येतं. शब्द नाही राहिला, नुसता श्वास आणि त्यात 'मे'. फरशीवरून काहीतरी घसटत जातं. एक हात पुढे, मग बाकीचं अंग. उजवी बाजू ओढत —

काकूंनी चल म्हटलं. जाऊन कुठे जाऊ? एकदा गेलेच होते ना कामाला.

२८ मार्च, दुपारी तीन

त्याच्या खोलीत पलंगावर बसले आहे. दाराकडे पाठ करून, कारण समोरून बघायचं धाडस नाही. आज हाकेला ओ देणार. आयुष्यभर त्याने माझ्या एकेका हाकेला दिली. माझी एक राहिली आहे, ती द्यायची आणि मग काय व्हायचं ते होवो. अक्षर लागत नाही.

सव्वातीन

दिवा लागला. विझला. बोळातून घसटण्याचा —

दारापर्यंत आलं. थांबलं.

इमे.

मी म्हटलं, ओ दादा. इथे आहे मी.

दिवा लागला आणि या वेळी विझला नाही. सगळं शांत. वाटलं, संपलं, पोचली माझी ओ —

नाही. पलंग मागून दबला. कुणीतरी वर चढतंय, हळूहळू, एकाच हाताने. मानेवर गार श्वास. बोटं माझ्या केसांत. तीन पेड करतायत, चुकतायत, पुन्हा —

भीती वाटते. खूप. पण किती वेळ त्याने वाट पाहिली. मागे वळते. कसा का दिसेना, दादाच आहे माझा, तो मला काही करणार