सुलेखाचे दोन विषय

एडिसन, न्यू जर्सी
१२ सप्टेंबर १९८७

ती. अण्णा,

दिगंबरचा नमस्कार. आम्ही तिघं खुशाल आहोत. आईला मोठ्याने वाचून दाखवण्याआधी हे पत्र एकदा मनात वाचा.

तुमची नात कॉलेजात जाऊ लागली. इथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येते. सोय फार चांगली आहे. सुलेखाने विषय मात्र संगीत आणि तत्त्वज्ञान घेतलेत. शेजारी विचारलं, तर तूर्त सोयीबद्दलच सांगा.

मी आणि शरयू सुलेखाला घेऊन जरा तावातच तिथल्या कौन्सेलरबाईंना भेटलो. बाईंनी विचारलं, "घरी संगीताचं वातावरण आहे?" मी ठामपणे नाही म्हणालो. त्यावर सुलेखा म्हणाली, की घरी येईल त्याच्यासमोर मला गायला उभं करतात, फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसासमोरसुद्धा केलं होतं. शरयू खिडकीबाहेर बघू लागली.

"आणि फिलॉसॉफी?" बाईंनी विचारलं. सुलेखाने तुमचं नाव घेतलं. तुमच्या आवाजातली गीतेवरची कॅसेट तिने गाडीत वर्षभर ऐकली. त्यातलं अर्धं कळलं नाही, ते आता शिकायचं आहे म्हणे.

पोटापाण्याचं ही काय करणार, या विचाराने मला जेवण जात नाही. आईचा गुडघा कसा आहे?

सुलेखा तुमचं ऐकते. तिला चार शब्द समजावून लिहा. पण लिहाच, अण्णा. कॅसेट पाठवू नका.

तुमचा,
दिगंबर